कोपरे स्वच्छ आले

आमच्या भावोजींना गल्लीत कुणी नावाने हाक मारत नाही. लहानथोर सगळे त्यांना 'जराथांबा' म्हणतात. फोटो काढताना 'जरा थांबा' म्हणायचं आणि समोरच्याची मान अवघडेपर्यंत थांबवून ठेवायचं, ही त्यांची रीत. साध्या ओळखपत्राच्या फोटोलाही माणसाला असं बसवतील की जणू भिंतीवर लावायचाय. माझ्या ताईने या माणसाशी संसार केला. म्हणजे जन्मभर थांबलीच म्हणायची.

मी ताईची धाकटी बहीण. औषधांच्या दुकानात काउंटरवर असते, त्यामुळे ताईचं हृदय किती थकलंय ते तिच्या गोळ्यांवरून मला आधीच कळलं होतं. डॉक्टरांनी भावोजींना आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की आता काही खरं नाही, सांभाळून असा. ताईला कुणी काही सांगितलं नाही, पण ती काय दुधखुळी होती? त्याच आठवड्यात तिने नवऱ्याकडे कधी नव्हे ते काहीतरी मागितलं. म्हणाली, "अहो, माझा एक नीट फोटो काढा."

फोटोवाल्याच्या बायकोचा फोटो नव्हता. लग्नातला एक होता, पण त्यात तिने मान इतकी खाली घातलेली की केसांचा भांग तेवढा दिसतो. ताईच्या दोन्ही गालांवर वांगाचे डाग होते. कॅमेरा दिसला की ती एक तर मान खाली घालायची, नाहीतर दिवा धरायला पळायची. लोकांच्या तोंडावर उजेड पाडता पाडता तिचं वय गेलं.

भावोजींनी तिला फार पूर्वी शब्द दिला होता, डाग न दिसणारा फोटो काढीन म्हणून. त्यांच्याकडे एक मोठा लाकडी कॅमेरा आहे, काळ्या कापडात डोकं घालून बघायचा, आणि त्याला पितळेची जुनी लेन्स. तिच्यावर नारिंगी फिल्टर लावून कृष्णधवल फोटो काढला, तर डाग कातडीत मिसळून जातात. इतर बायकांचे तसे फोटो मी स्वतः पाहिलेत. ताईचा नंबर मात्र कधी लागला नाही, आणि मग दुकान हलवताना ती नारिंगी काच फुटली, तिची कडीही चेपली.

आता म्हणाल, दुसरी आणायची. मीही हेच म्हटलं होतं. त्यावर भावोजींनी मला उभं करून सगळं समजावलं. त्या लेन्सला आजचं काही बसत नाही. तिच्या तोंडावर एक कडी, कडीत नुसती गोल काच ठेवायची, आणि वरून हूड फिरवून आवळायचं. हूड म्हणजे लेन्सच्या डोळ्यावरची टोपी. ते नसलं तर खिडकीचा उजेड आत सांडतो आणि फोटोवर साय धरते. म्हणजे काच धरायला हूड हवं, आणि हूड बसायला कडी बरोब्बर त्याच मापाची हवी. आणि खिडकी सोडून दुसरीकडे बसवायला हे तयार नाहीत. ताईच्या चेहऱ्याला तोच उजेड शोभतो म्हणे.

मग सुरू झाली शोधाशोध. लेन्स मोज्यात गुंडाळून हा माणूस भंगारबाजार पालथा घालू लागला. बंद पडलेल्या स्टुडिओंची दारं वाजवली. घरी आले की खिशातून कड्या निघायच्या, टॉर्चच्या, नळाच्या, कसल्या कसल्या. लेन्सला बसलं की हूडला बसेना, हूडला बसलं की काच खुळखुळायची. ताई पलंगावरून बघायची आणि म्हणायची, "एवढे फिरताय तर माझ्या डब्यांची झाकणं तरी शोधून आणा. निम्मे डबे उघडे पडलेत."

कड्या एकावर एक चढवून जुळवावं, तर हूड पुढे सरकायचं आणि त्याची कड फोटोत यायची. चारही कोपरे कापले जायचे. ते तपासायला भावोजी चाचणी घ्यायचे. फिल्मच्या शेवटच्या दोन-चार शीट उरलेल्या, त्या ताईसाठी जपून ठेवलेल्या, म्हणून चाचणी कागदावर. छपाईचाच कागद कापून कॅमेऱ्यात घालायचा. त्यावर सगळं उलटं उमटतं, उजेड काळा आणि अंधार पांढरा. कापलेले कोपरे कोरे पांढरे येतात. मग भावोजी कात्रीने तेवढे चार कोपरे कापून घ्यायचे आणि डार्करूममधल्या फळीवर टाचणीने लावायचे, शेजारी शेजारी, कुठल्या कडीने किती कापलं ते बघायला. कागदाचा मधला भाग कचऱ्यात.

आणि प्रत्येक चाचणीला खुर्चीत ताई. रिकाम्या खुर्चीवर अंदाज येत नाही म्हणे. दर वेळी ती केस विंचरून, अंबाडा घालून, निळी शाल घेऊन बसायची. एकदा मी वैतागून मोबाइल काढला. भावोजींनी पुढे हात आडवा धरला. "असला नको, मेहुणीबाई. डाग तेवढे येतील." मला इतका राग आला. मी ताईकडे पाहिलं, तर तीच म्हणाली, "राहू दे गं. ते काढणारेत ना."

शेवटी एका लेथवाल्याने दया येऊन पितळेची एकच पातळ कडी काढून दिली. एका बंद स्टुडिओच्या खोक्यात मोठी नारिंगी काच सापडली, ती चष्मेवाल्याकडे घासायला दिली. तो म्हणाला, शनिवारी देतो. कडी बुधवारीच आली. भावोजींना कुठला दम. काचेविना नुसती कडी आणि हूड लावून त्यांनी चाचणी मांडली.

त्या दिवशी मी तिथेच होते. ताईला खुर्चीपर्यंत मीच धरून नेलं. भावोजी काळ्या कापडात शिरले. आत मागच्या दुधी काचेवर माणूस उलटा दिसतो, आणि हे भिंग लावून त्या उलट्या चित्राचे कोपरे तपासत होते. ताईने मला डोळा मारला आणि कापडाकडे बघून चक्क जीभ काढली.

"बघतील ना," मी कुजबुजले.

"कुठले बघतायत. ते कोपऱ्यात आहेत."

आम्ही दोघी तोंड दाबून हसलो. कापडातून आवाज आला, "जरा थांबा." भावोजी बाहेर आले, कागद चढवला, पुन्हा हूडकडेच नजर. ताईचं हसू ओसरलं. तिने शाल सारखी केली, आणि मान वर करून थेट लेन्सकडे पाहिलं. डागांसकट. इतक्या वर्षांत मी तिला कॅमेऱ्यासमोर असं बसलेलं पाहिलं नव्हतं. उठताना तिने विचारलं, "झाला का हो माझा?"

"हा कोपऱ्यांचा होता," भावोजी म्हणाले. "तुझा शनिवारी."

थोड्या वेळाने डार्करूममधून त्यांची हाक आली, "कोपरे स्वच्छ आले!" इतका आनंद मी त्यांच्या आवाजात कधी ऐकला नव्हता. ताईलाही बरं वाटलं. त्या दिवशी ती पोटभर जेवली.

शुक्रवारी पहाटे ताई झोपेतच गेली.

शनिवारी चष्मेवाला काच घेऊन आला. त्याला काहीच ठाऊक नव्हतं. दारातला चपलांचा ढीग पाहून तो थबकला आणि कागदात गुंडाळलेली काच कशीबशी पुढे केली. भावोजी ती घेऊन आत गेले. मागोमाग मी गेले, तर त्यांनी ती कडीत ठेवून वरून हूड आवळलं होतं. "बसली," ते म्हणाले. मी तशीच बाहेर आले. बोलले असते तर वाईट बोलले असते.

माणसं पांगल्यावर एका संध्याकाळी मी गेले ते भांडायचं ठरवूनच. माझ्या बहिणीचा भिंतीवर लावायला एक फोटो नाही, लावायचा तर सरकारी ओळखपत्रावरचा, ज्यात ती पकडून आणल्यासारखी दिसते. आणि हे कुणाच्या घरात, तर फोटोवाल्याच्या. सगळं ओठांवर येऊन ठेपलं होतं.

भावोजी डार्करूममध्ये होते. नेहमीच्या लाल दिव्याऐवजी पांढरा, दार सताड उघडं. बुधवारचे चार तुकडे त्यांनी फळीवरून काढून टेबलावर मांडले होते. पट्टीने मोजून, जिथल्या तिथे, आणि मधे रसायनांचे डाग पडलेलं रिकामं टेबल.

"मधला शोधला मी," माझ्याकडे न बघता ते म्हणाले. "कचऱ्याची गाडी गुरुवारीच येऊन गेली होती." मग एकेका तुकड्यावर बोट ठेवत गेले. "ही खिडकीची चौकट. ही वरची भिंत. हा खुर्चीचा हात. आणि ही बघा, शालीची कड आलीय थोडी."

ती कड नखाएवढी होती. भांडायचं राहिलं. मी स्टुलावर बसले आणि मला रडू फुटलं. तिचं जाणं मला ठाऊक होतं, गोळ्या मीच देत होते. पण ती समोर बसली होती, या माणसाच्या एवढी समोर, आणि याने तिचे कोपरे पाहिले. त्याचा राग आजही गेलेला नाही. आणि त्यांच्याइतकं तिच्यासाठी कुणी वणवण फिरलं नाही, हेही मी नाकारत नाही.

त्यांनी शालीचा तुकडा पट्टीने पुन्हा सारखा केला. मग म्हणाले, "तुम्ही होतात ना त्या दिवशी. मी मधे पाहिलंच नाही. हसत होती का हो ती?"

हो म्हणून मोकळी होणार होते. सोपं होतं.

"आधी हसली," मी म्हटलं. "तुम्ही कापडात होतात तेव्हा. कागदावर आली तेव्हा नाही. तेव्हा मान वर करून बघत होती."

"मान वर करून?"

"सरळ तुमच्याकडे. डाग लपवले नव्हते."

भावोजींनी चष्मा काढला. चार तुकड्यांच्या मधे, रिकाम्या टेबलावर हात नेला आणि एक बोट टेकवलं. ते जरा वर सरकवलं.

"इथे?"

"हो," मी म्हटलं. "तिथेच."