कापसाची मिशी

स्वातंत्र्याच्या आधीची गोष्ट. किन्हीराजा गावी आमच्या वावरात कापूस वेचायला एक बाई दोन लहान लेकरांना घेऊन यायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. दुपारी भाकर खाताना ती ओठावर कापसाची मिशी लावून पाटलासारखी खाकरायची आणि लेकरं हसून हसून लोळायची. वावराच्या कडेला, धुऱ्यावर माझ्या लहानग्या लेकीला घेऊन बसलेली मीही पदराआड हसायचे.

एके दिवशी सासूबाईंनी ते पाहिलं.

"कापूस वेचाले आली का तमाशा कराले? उद्यापासून पोट्टे आणू नको!"

तिनं मिशी काढून ओटीत टाकली.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच आली. दुपारी भाकरीचं फडकं सोडलंच नाही तिनं. मी हळूच विचारलं, "लेकरं कोणापाशी ठेवले?"

"कोणापाशी ठेवू, बाई? घरात कोंडून बाहेरून कडी लावली."

"रडले असतीन ना?"

"रडले. पण तुमच्या वावरात आयकू नाही येत," ती म्हणाली आणि पाठ फिरवून वेचू लागली.

माझी लेक माझ्या मांडीवर खिदळत होती. मी तिच्या तोंडावर हात ठेवला. सासूबाईंना मात्र त्या दिवशी मी काही बोलले नाही, आणि पुढेही कधी नाही.