बायस्कोपचा मानपान

माझ्या आतोबांइतका भित्रा माणूस साऱ्या माळव्यात झाला नाही, आणि त्यांच्याइतका बायस्कोपचा नादीही झाला नाही. या दोन गोष्टी एकाच माणसात कशा मावल्या हे मला अजून उमगलेलं नाही. आतोबा म्हणजे माझ्या सख्ख्या आत्याचे यजमान. माझे यजमान शिकायला पुण्यास होते तेव्हा मी देवासला आतोबांच्याच घरी होते, म्हणून जे सांगते ते माझ्या डोळ्यांदेखतचं सांगते. आतोबा पालीला भीत, विजेला भीत, न्हाव्याच्या वस्तऱ्याला भीत. अनोळखी कुत्र्याला भीत आणि ओळखीच्या कुत्र्याला जास्त भीत, कारण त्याचा स्वभाव त्यांना ठाऊक असे. दिवेलागणीनंतर परसात जायचं झालं की दारातच मोठ्यानं खाकरत. मी एकदा विचारलं तर म्हणाले, तिथं जे काय असेल त्याला निघून जायला वेळ नको का मिळायला? आमच्या आत्यानं या माणसाचा संसार केला. ती स्वतः वाघीण होती, विंचू दिसला तर चपलेनं ठेचून पुन्हा भाजी चिरायला बसायची. पण चारचौघांत तिनं त्यांच्या भित्रेपणाला कोणाला हसू दिलं नाही. घरात हसायची, ते निराळं.

देवासला तेव्हा दोन गाद्या, दोन दरबार. रस्त्याची ही कड एका राज्यात आणि ती कड दुसऱ्या राज्यात. त्यातल्या एका दरबारी आतोबांकडे विडा-अत्तराचं काम होतं. दरबार उठताना कोणाला नुसती सुपारी, कोणाला विडा, कोणाला विडा आणि अत्तर, कोणाच्या खांद्यावर शेला आणि कोणाला सबंध पोशाख, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता यायचं. हीच मोजपट्टी त्यांनी बायस्कोपला लावली. तंबू गावात आला की आतोबा पहिल्या दिवशी हजर, आणि दुसऱ्या दिवशी ओसरीवर निवाडा. विलायतेतल्या तळ्यात बदकं पोहतात त्या चित्राला नुसती सुपारी. वादळात सापडलेल्या बोटीला विडा आणि अत्तर. एका चित्रात राक्षस चांगला अक्राळविक्राळ होता, त्याला शेला मिळायचा, पण गदा फिरवताना त्याची मिशी एका बाजूनं सुटली आणि तो विड्यावर घसरला. मान कशावर ठरायचा म्हणाल, तर भीतीवर. चित्र जितकं घाबरवील तितकं ते थोर. पिंजऱ्यातून सुटलेल्या वाघाचं एक चित्र आलं होतं, त्याला त्यांनी शेला दिला. त्या दिवशी त्यांचा एक जोडा तंबूतच राहिला आणि शेजारी बसलेल्या गृहस्थाच्या अंगरख्याचा बंद तुटला. पोशाख मात्र त्यांनी कुठल्याच चित्राला कधी दिला नव्हता. लोक मुद्दाम विचारत, की भिया, म्हणजे भाऊ, पोशाख कोणाला? त्यावर म्हणत, पोशाख मिळवायला जन्म जातो, बायस्कोपवाल्यानं घाई करू नये.

बायकांची बसायची जागा पडद्याच्या मागे असे. मध्ये पांढरं कापड, ते पाण्यानं भिजवलेलं, म्हणजे पुढून पुरुषांना दिसे तेच चित्र मागून आम्हांलाही दिसे. पलीकडून आतोबांची किंकाळी ऐकू आली की बायका पदर तोंडाला लावत आणि आत्या ताठ बसून समोर बघत राही. घरी आल्यावर मात्र दोघांची जुंपायची. आतोबा म्हणत, वाघ डावीकडून आला. आत्या म्हणे, उजवीकडून. आतोबा म्हणत, मी जोडा डावीकडेच फेकला, मला ठाऊक नाही? आत्या म्हणे, डोळे मिटून घेतल्यावर डावं-उजवं कुठलं कळायला! वाघ झाला, बोट झाली, घोडे झाले, दर चित्राला हे भांडण ठरलेलं. मी मध्ये पडत नसे. मला वाघ उजवीकडूनच आलेला दिसला होता, पण आतोबांना तसं सांगणं जिवावर येई.

एका दसऱ्याला बायस्कोपवाला आपली पेटी घेऊन रस्त्यात उभा राहिला आणि त्यानं आमच्या दरबारची सवारी चित्रात धरली. पुढे त्याचा तंबू पुन्हा गावात आला तेव्हा तीच सवारी पडद्यावर चालणार असं कळलं आणि सारं देवास लोटलं. हत्ती आला, घोडे आले, मानकरी आले, आणि मागून आमचे आतोबा आले. पागोटं, अंगरखा, खांद्यावर उपरणं, हातात अत्तरदाणी. वळले, एका मानकऱ्याच्या हाताला अत्तर लावलं, आणि पेटीकडे लक्ष जाताच ती चावेल की काय अशा नजरेनं बघत निघून गेले. बायका खुदखुदल्या. आत्यानं मात्र माझं मनगट धरलं. तिचा हात गार पडला होता. दुसऱ्या दिवशी आतोबांनी इतर चित्रांचे निवाडे केले, पण सवारीला काहीच दिलं नाही. म्हणाले, आपल्याच हातानं आपल्याला विडा कसा द्यावा, लोक काय म्हणतील?

त्यानंतर आमच्या घराची कळाच गेली. आत्या पहाटे अनवाणी टेकडीवर देवीला जाऊ लागली. रात्रीचं जेवण तिनं सोडलं. आतोबांना रोज आवडीचं, आज पुरणपोळी, उद्या दालबाटी, आणि वाढताना त्यांच्याकडे अशी बघायची की घास तोंडातच फिरावा. त्यांना एकट्याला दरबारात जाऊ देईना. शेवटी तुळशीपाशी मला एकटीला म्हणाली, आणि म्हणतानाही इकडेतिकडे बघून म्हणाली, "उपरणं उजव्या खांद्यावर होतं ग. अत्तर डाव्या हातानं लावलं." मीही तेच पाहिलं होतं. उजव्या खांद्यावर उपरणं म्हणजे अपसव्य, मेलेल्या माणसांच्या कार्यात घेतात तसं. दसऱ्याच्या सवारीत, भर दिवसा, जिवंत माणूस तसा दिसला तर त्याचा अर्थ काय घ्यायचा? आत्यानं अर्थ घेतला होता, आणि तो तोंडातून काढला तर खरा होईल म्हणून ती आतल्या आत झुरत होती. त्या रात्री मला आतोबांच्या घोरण्याचा आधार वाटला. घोरणं थांबलं की मी उठून बसे.

इकडे आतोबांच्या मनानं वेगळंच घेतलं. बायको अन्न सोडते, नवस बोलते, गोडधोड खाऊ घालते, म्हणजे वैद्यानं हिला माझ्याबद्दल काही सांगितलं असणार. ते येताजाता स्वतःची नाडी बघू लागले. मग अंथरूणच धरलं. वैद्यांना बोलावलं. त्यांनी तपासून काही झालेलं नाही असं सांगितलं, आणि त्यानं तर आतोबांचं धाबंच दणाणलं, कारण रोग वैद्यालाही सापडत नाही असा त्याचा अर्थ झाला. तिला यांच्या जिवाची भीती आणि यांना तिच्या भीतीची भीती. दोघं वाळत चालली आणि दोघांपुढे ताटं वाढून मी वेडी व्हायची पाळी आली.

एके दिवशी दुपारी आतोबा उठून बसले आणि आत्याला म्हणाले, काय असेल ते एकदा सांगून टाक. ती पदर तोंडाला लावून रडू लागली. माझा संयम सुटला. मी उपरणं, खांदा, डावा हात, सगळं एका दमात सांगून टाकलं. आतोबांचा चेहरा पांढराफटक पडला. हात डाव्या खांद्याकडे गेला. मग हलकेच विचारलं, "वाघ कुठून आला होता म्हणालीस?" आत्या रडतारडता म्हणाली, उजवीकडून. आतोबा अंथरुणावरून उठले. कित्येक दिवसांत पहिल्यांदा हसले. दोरीवर वाळत घातलेल्या ओल्या धोतराच्या एका बाजूला त्यांनी मला उभं केलं, दुसऱ्या बाजूला आत्याला, आणि मधोमध बोट टेकवून दाखवलं की हिच्या डाव्या हाताला ते तुझ्या उजव्या हाताला. तुम्ही बायका मागून बघता, म्हणून सगळं उलटं दिसतं. वाघही उलटा आणि मीही उलटा.

मला पटलं. आत्याला नाही पटलं. डोळे पुसून म्हणाली, "इकडून माझी समजूत काढणं होतंय. मी या डोळ्यांनी पाहिलंय." पुढल्या बाजूला पुरुषांत बसून बघ म्हणावं, तर ते तिच्याच्यानं या जन्मी झालं नसतं. तिनं पुन्हा अन्नावरचा हात आखडला. आता ती खरोखरच हातची जाते की काय असं वाटू लागलं, आणि आतोबा पहिल्यांदाच स्वतःला सोडून दुसऱ्या कोणासाठी भ्याले.

तोवर तंबू उठून धारला गेला होता. तिथून धरमपुरीला जाणार आणि नर्मदा ओलांडून कुठे जाईल ते कोणी सांगू शकत नव्हतं. ज्या माणसाला पुलावरून जाताना डोळे मिटावे लागत, त्यानं टांगा ठरवला. इंदूरपर्यंत टांगा, पुढे बैलगाडी. वाटेत झुडूप हललं की दरोडेखोर, गाडीवान गप्प बसला की त्यांना सामील, बोलू लागला की गाफील ठेवतोय. असं करत आम्ही तिघं धारला त्यांच्या चुलतभावाकडे पोचलो, आणि आतोबा पाणीसुद्धा न पिता मला घेऊन तळ्याजवळच्या मैदानात बायस्कोपवाल्यापुढे जाऊन उभे राहिले. त्याला म्हणाले, ती देवासच्या सवारीची पट्टी आजच्या खेळात उलटी चढव. तो हसायला लागला.

"अरे भिया, फिर तो मरद लोगों को सब उलटा दिखेगा. आपको भी."

"मालूम है," आतोबा म्हणाले. "चढा दो."

धोतराची दोरी, वाघ, सगळं पटलेलं असलं तरी आपलं आपण अपसव्य बघायचं म्हणजे काय, हे त्या माणसापेक्षा कोणाला जास्त कळत होतं?

संध्याकाळी मी आत्याला पडद्यामागे अगदी पुढे बसवलं आणि स्वतः कडेला बसले, तिथून कनातीच्या फटीतून पुरुषांची बाजू दिसत होती. सवारी सुरू झाली. हत्तीवरून सलाम डाव्या हातानं, मानकऱ्यांच्या तलवारी भलत्याच बाजूला. पुरुषांत कुजबुज उठली. कोणीतरी मोठ्यानं म्हणालं, देवासला दोन दरबार झाल्यापासून डावंउजवं कळेनासं झालेलं दिसतंय, आणि सगळे धारकर हसले. आतोबा पहिल्या रांगेत होते. भीतीची जागा आली की ते डोळे मिटतात असं आत्या नेहमी म्हणे. त्या दिवशी उघडे होते. ओठ हलत होते, हातानं डाव्या खांद्यावरचं उपरणं घट्ट धरलं होतं, आणि समोर ते स्वतः मेलेल्यांच्या कार्याला निघाल्यासारखे चालले होते. त्यांनी शेवटपर्यंत नजर काढली नाही. मी वळून आत्याकडे पाहिलं. ती दोन्ही हात जोडून बसली होती आणि गालांवरून पाणी ओघळत होतं. "डाव्याच खांद्यावर आहे हो," ती म्हणाली.

तंबूतून परतताना तिनं चुलतदिराच्या घरी पोटभर जेवायचं कबूल केलं होतं. बैलगाडीत तिनं नेहमीच्या ठसक्यात विचारलं, आज सवारीला काय द्यायचं ठरलं?

"पोशाख," आतोबा म्हणाले. "इतका मी उभ्या जन्मात भ्यालो नव्हतो."

त्यानंतर त्यांनी पुष्कळ बायस्कोप पाहिले, आत्याबरोबर वाघाच्या दिशेवरून पुष्कळ भांडले. खरं कारण कळल्यावरही भांडण सोडलं नाही, दोघांना त्याची सवय झाली होती. मग एका पावसाळ्यात आत्या चार दिवसांच्या तापानं गेली. कपाळभर कुंकू लावून गेली, तिला हवं होतं तसं. आतोबांनी बायस्कोप सोडला. तंबू आला की लोक बोलवायला येत, हे नाही म्हणत. मी एकदा आग्रह केला तर म्हणाले, आता कशाची भीतीच वाटत नाही ग, मग मान कशावर ठरवायचा? परसात जातानाही ते खाकरत नाहीसे झाले, आणि ते न खाकरणं ऐकून मला रडू येई.

मूलबाळ नव्हतं, म्हणून तिचं दिवसकार्य सगळं त्यांनीच केलं. घाटावर आम्हां बायकांचं जाणं झालं नाही. मी पाहिलं ते वर्षश्राद्धाला, घरी. गुरुजींनी अपसव्य म्हटलं. आतोबांनी उपरणं डाव्या खांद्यावरून काढून उजव्या खांद्यावर घेतलं, तसेच थांबले, आणि स्वयंपाकघराच्या दारात मी उभी होते तिकडे वळून पाहिलं.

"तिनं पाहिलं होतं ते हेच," ते म्हणाले. "उगाच माझ्यासाठी भ्याली."

मग त्यांनी दर्भ घेतला आणि गुरुजी सांगतील तसं करू लागले.