जोगळेकर अण्णांचा शेपटांचा क्लास

आमच्या ऑफिसातले किस्से कुणी मुद्दाम जमवले नाहीत. माळ्यावर रिकामे डबे साठत जातात तसे ते साठले. एक काढायला जावं तर चार अंगावर पडतात. त्यातले बरेचसे इंग्रजीच्या पायी घडलेले.

अंबरनाथच्या एका कारखान्यात मी कारकून होतो. देश स्वतंत्र होऊन दोन-तीन वर्षं झाली होती, पण आमचा बडा साहेब अजून गोराच होता. एके दिवशी त्यानं जाहीर केलं की यापुढे ज्याला माझ्याशी थेट इंग्रजीत बोलता येईल त्यालाच वरची जागा. झालं! हेडक्लार्क जोगळेकर अण्णांनी शिवमंदिराजवळच्या धर्मशाळेत संध्याकाळचा क्लास काढला. अण्णा पुण्याचे बी.ए. इंग्रजी व्याकरण त्यांना तोंडपाठ होतं, फक्त इंग्रज काय बोलतोय ते कळत नसे.

अण्णांचा सिद्धांत सोपा होता. इंग्रजी क्रियापदाला शेपूट असतं. अप म्हणजे वर, डाउन म्हणजे खाली, आफ्टर म्हणजे मागून. क्रियापदाचा अर्थ घ्यायचा, शेपटाचा घ्यायचा आणि बेरीज करायची. ज्याला संस्कृतातले उपसर्ग येतात त्याला इंग्रज काय शिकवणार, असं ते म्हणत.

*

या बेरजेचा पहिला हिशेब अण्णांनाच चुकता करावा लागला. साहेब आणि मडम दिवसभरासाठी मुंबईला निघाले होते. मडमचा तपकिरी कुत्रा होता, साखळी तोडेल इतका दांडगा. साहेबानं साखळी अण्णांच्या हातात दिली आणि म्हणाला, "लुक आफ्टर हिम."

मोटार वळली आणि कुत्र्यानं हिसडा मारला. अण्णा फाटकात उभे राहिले आणि बघत राहिले.

संध्याकाळी साहेबानं कुत्रा कुठे म्हणून विचारलं. अण्णांनी शुद्ध इंग्रजीत सांगितलं की तो पळाला, मी वळणापर्यंत त्याच्याकडे मागून बघत होतो, पुढे तो दिसेनासा झाला.

कुत्रा दुसऱ्या दिवशी बदलापूर गावात एका खळ्यावर सापडला. साहेब बरेच दिवस अण्णांशी बोलला नाही. अण्णा आम्हाला म्हणाले, "सांगितलं तेवढं केलं. या लोकांना प्रामाणिकपणाची कदर नाही."

*

टाइम ऑफिसात लालचंद होता. फाळणीनंतर कराचीहून आलेला, निर्वासितांच्या छावणीत कॅम्प पाचच्या बराकीत राहायचा. अण्णा निर्वासितांना मागच्या बाकावर बसवत, आणि तेही मोठे उपकार केल्यासारखे. लालचंद तीन दिवस बसला आणि उठून गेला. पुढच्या आठवड्यात त्यानं कॅम्पात पापडाच्या दुकानामागे स्वतःचा क्लास उघडला.

त्याचा सिद्धांत आणखी सोपा होता. "इतना सोचने का नहीं, साईं. हर बात के पीछे अप लगाओ. साहब को लगेगा, अपना ही आदमी है."

त्याच्या क्लासातली पोरं साहेबासमोर क्लीन अप, राइट अप, फिनिश अप करत सुटली. निम्मं बरोबर निघायचं, उरलेलं साहेब समजून घ्यायचा. अण्णा म्हणाले, भाषा म्हणजे काय भेळ आहे? पण वर्षअखेरीला वरच्या जागा मिळाल्या त्या लालचंदच्या क्लासला. धर्मशाळेतल्या आम्हा मंडळींना मिळालं ते व्याकरण.

*

गेटवरचा बारकू बदलापूर गावचा. घरची थोडी शेती, वर ही नोकरी. तोही लालचंदकडे जाऊ लागला.

एकदा बडा साहेब मुंबईच्या पाहुण्यांना कारखाना दाखवत गेटपाशी आला आणि मागचा गेट बंद आहे ना, असं त्यानं बारकूला विचारलं. बारकूनं टाच आपटून सलाम ठोकला. "शट अप, सर."

साहेब लाल झाला. त्यानं पुन्हा विचारलं. बारकूला वाटलं ऐकू गेलं नाही. त्यानं आणखी मोठ्यानं सांगितलं.

चौकशी अण्णांकडे आली. बारकू म्हणाला, "मी त बरोबरच बोल्लो. गेट शट केला, वर अप लावला. माझा काय चुकला?"

अण्णांनी बराच वेळ विचार केला. शट म्हणजे बंद, अप म्हणजे वर. मग विचारलं, "वरची कडी लावली होतीस?"

"होती."

"मग बरोबर आहे," अण्णा म्हणाले, आणि त्याला सोडून दिलं.

*

स्टोअरमधले साठे साधे गृहस्थ. त्यांचे वडील गावी वारले. रजा मागायला ते साहेबाकडे गेले, पण वारले हे कसं सांगायचं? पास म्हणजे जाणं, आउट म्हणजे बाहेर. प्राण देहाबाहेर गेले. "सर, माय फादर पास्ड आउट."

आता पास आउट म्हणजे बेशुद्ध पडणं आणि कम राउंड म्हणजे शुद्धीवर येणं, हे तेव्हा आमच्यात कुणालाच ठाऊक नव्हतं. साहेबानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "डोन्ट वरी. ही विल कम राउंड."

साठ्यांनी बाहेर येऊन अण्णांना अर्थ विचारला. अण्णांनी बेरीज केली. फिरून येतील. साठे तिथेच ओट्यावर बसून रडले. साहेब ख्रिस्ती, पण पुनर्जन्म मानतो, असं त्यांनी घरी जाऊन सगळ्यांना सांगितलं.

वर्षभरानं साठ्यांना मुलगा झाला. आजोबांचंच नाव ठेवलं. बाळाला दुपट्यात गुंडाळून, पेढे घेऊन साठे बंगल्यावर गेले आणि म्हणाले, "सर, फादर हॅज कम राउंड."

साहेबानं बाळाकडे पाहिलं, साठ्यांकडे पाहिलं. मग एक पेढा उचलला आणि खाल्ला.

*

काही वर्षांनी साहेब कायमचा विलायतेला निघाला. निरोपाचं भाषण अर्थातच अण्णांचं. आदल्या दिवशी त्यांनी ते मला वाचून दाखवलं. शेवटी एक वाक्य होतं, वुई हॅव पुट अप विथ यू. म्हणजे आम्ही इतकी वर्षं तुमच्या सोबत राहिलो.

मला शंका आली. मी कोश काढून दाखवला. पुट अप म्हणजे मुक्काम करणं हे खरंच होतं, पण खालच्याच ओळीत विथ लागल्यावरचा अर्थ दिला होता. मुकाट्यानं सोसणं.

अण्णांनी चष्मा काढला. "अरे वैद्य, सोबत राहणं आणि सोसणं एकच कसं होईल? तुझं लग्न झालंय ना?"

"झालंय अण्णा, म्हणूनच सांगतोय."

त्यांनी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी झेंडूचे हार घातले गेले, सगळा कारखाना जमला. अण्णांनी ते वाक्य सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हटलं. मडमनं मान खाली घातली. आम्ही टाळ्या वाजवल्या.

साहेब उठला. आमच्या सगळ्यांच्या तोंडांवरून त्यानं एकदा नजर फिरवली. मग अण्णांचा हात हातात घेऊन म्हणाला, "अँड आय, जंटलमेन, हॅव पुट अप विथ यू."

पुन्हा टाळ्या. खाली बसता बसता अण्णा माझ्या कानाशी वाकले. "ऐकलंस? खुद्द इंग्रजाच्या तोंडून. आता तो तुझा कोश रद्दीत घाल."