कॉइल कोणी जाळली

होडीच्या इंजिनात कॉइल नावाचा एक डबा असतो, हे मला लग्नानंतर अठरा वर्षांनी कळलं. तोवर माझी समजूत अशी की इंजिन पेट्रोल पितं आणि ओरडतं, बस. मी फोंडाघाटाकडची, भातशेतीच्या घरातली. तारकर्लीला आल्या आल्या, एवढं पाणी कोणाच्या उपयोगाचं, असं मी सासूला विचारलं होतं. अशी ती बाई, म्हणजे तेव्हाची मी. आज रस्त्यात भेटली तर मीच तिच्या दोन मुस्काटात देईन.

पर्यटकांना खाडीत फिरवायची होडी नवरा आणि धाकटा दीर मिळून चालवत. इंजिन जुन्या जीपचं, पेट्रोलवरचं. त्या वर्षी दिवाळीनंतर ते मध्येच मरायला लागलं. अर्धा तास नीट चाले, मग फटाफट बार काढून गप. नवरा झाकण उघडून कॉइलला हात लावी आणि शिवी हासडून हात झटके. प्लगला ठिणगी पुरवणारा तो डबा तव्यासारखा तापलेला असे, खालून काळं तेल गळे. थंड झाला की इंजिन पुन्हा चालू.

कॉइल बदलली. प्लग बदलले, वायरी बदलल्या. मालवणच्या फिटरने येऊन ठिणगीसाठी करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या पॉइंटचं अंतर तपासलं, बॅटरीला चार्जिंग जास्त होतंय का तेही पाहिलं. सगळं ठीक. तरी दुसरी कॉइल गेली. तिसरी तर फुटलीच, आणि उकळतं तेल दिराच्या मनगटावर उडालं. कातडी सोलून आली. नवऱ्याने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. हातातल्या पान्याने इंजिनावर एवढे फटके मारले की पान्याचं तोंड वाकलं.

दीर कधीचा म्हणत होता, हे भंगारात टाकूया, डिझेलचं इंजिन बसवूया. त्यावरून नवऱ्याच्या डोक्यात बसलं की कॉइल हाच जाळतो. आणि मी काय केलं? जेवण वाढताना हळूच म्हटलं, "काल भावजी एकटेच होडीकडे होते." होते, नांगराचा दोर बघायला. ते शेपूट मी गिळलं. घरात आपलं वजन वाढतंय असं वाटत होतं मला.

शिवाय माझा उपाय चालू होताच. होडीत सुकाणूच्या चाकासमोर गणपतीची तसबीर होती. वाऱ्यावर निरांजन टिकत नाही म्हणून मी हट्टाने तिच्यावर बल्ब लावून घेतला होता. तो इंजिनाच्या चावीवर पेटे. तुळशीपाशी दिवा लावला की मी चावी घेऊन होडीवर जाई, बल्ब लावी आणि जप करत बसे. पहिली कॉइल गेल्यावर अर्ध्या तासाचा तास केला. दुसरी गेल्यावर दीड.

एके दुपारी दोघे भाऊ देवबागच्या संगमावरून रिकामी होडी घेऊन परतत होते. चौथी कॉइल गेली. होडी लाटांना आडवी झाली, वाळूच्या दांड्यावर आपटली, नवऱ्याचं तोंड होडीच्या काठावर बसलं आणि दोन दात गेले. शेजारच्या होडीने ओढून किनाऱ्याला आणलं. नवऱ्याने रक्त थुंकलं, वाकडा पाना उचलला आणि भावाच्या कानावर हाणला.

"चार कॉइल जळल्यो. आपसूक जळतत काय रे?"

"दादा, मी हात लावूक नाय."

दुसरा फटका बसला. मी काठावर उभी होते. मी म्हटलं, "हाणा." सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"सांजेक तुझी पेटी भायर," नवरा म्हणाला. "घरात दिसलंस तर कापतलंय."

त्या संध्याकाळी मी जरा लवकरच चावी फिरवली. संकटच तेवढं होतं. जप करताना जळका वास आला. झाकण उघडलं आणि दुपारपासून निवलेल्या त्याच कॉइलवर तळहात ठेवला. चामडं चिकटलं. इंजिन बंद, आणि कॉइल तव्यासारखी तापलेली. मी चावी बंद केली, डबा निवेपर्यंत बसले, पुन्हा फिरवली. पुन्हा ताप. फिटरने नंतर सांगितलं: इंजिन उभं असताना चावी चालू राहिली आणि आतले पॉइंट मिटलेले असले, तर करंट नुसता कॉइलमधून वाहत राहतो आणि ती शिजते. मला फिटरची गरज उरली नव्हती.

आता खरं सांगते, मी चावी कमरेला खोचली आणि गप्प राहायचं ठरवलं. उद्यापासून बल्ब नाही, कॉइल जळणार नाही, संपलं. घरापर्यंत हा बेत छान टिकला.

घरापुढच्या खळ्यात दिराची पेटी फेकलेली. तो गुडघ्यावर बसून कपडे गोळा करत होता, कानातून मानेवर रक्त. नवऱ्याने कोयत्याचा पहिला घाव पेटीवर घातला, पत्रा फाटला. दुसऱ्यासाठी हात वर गेला तशी मी मध्ये शिरले.

"भावजींनी नाय. मी जाळलंय. बल्बासाठी चावी चालू ठेवी."

दिराने मान वळवली. "काय म्हणतंस? ह्या बाजूक ये, त्या कानान ऐकूक येत नाय."

म्हणून मला तेच दुसऱ्यांदा, ओरडून सांगावं लागलं. शेजारच्या कुंपणाशी बायका जमल्याच होत्या.

नवऱ्याने कोयता टाकला आणि मला कानफटात मारली. दुसरी बसण्याआधी दिराने त्याला खाली पाडलं आणि त्या फाटक्या पेटीवर गुडघ्याखाली दाबून इतका बदडला की तिसरा दातही गेला. कोणी सोडवायला आलं नाही. मीही गेले नाही.

"माझ्यासाठी भांडलात, भावजी," मी रडत म्हटलं. ती बाई असं बोलू शकत होती, बघा.

"तुझ्यासाठी नाय, वयनी. तू हाणा म्हटलंस, ता ऐकलंय मी. तेव्हा दोनय कान बरे होते."

दुसऱ्या सकाळी त्याला कोणी जा म्हटलं नाही. त्यानेच पडवीच्या टोकाला तीन दगड मांडले आणि आपला भात शिजवला. पुढे तिथे भिंत आली, दार आलं. दोघे भाऊ वर्षभरात पुन्हा एका होडीवर चढले. माझ्या हातचं मात्र तो आजही जेवत नाही. मी दर सोमवारी त्याच्या दारात ओल्या नारळाच्या वाटपाच्या उसळीचं भांडं ठेवते. संध्याकाळी ते घासून पालथं घातलेलं मिळतं. मांजराला घालतो, असं तो सगळ्यांना सांगतो. मी भिंतीवरून डोकावून पाहिलंय. मांजर हडकुळंच आहे.