शुभदा मॅडम गेल्या, वैभवला निरोप पोचला नाही

माफ करा, फार उशिरा लिहितोय. मॅडमचं तेरावंही होऊन गेलं. रोज फोन हातात घ्यायचो, ठेवून द्यायचो.

शुभदा मॅडमना टँकरनं चिरडलं.

विश्रांतवाडीच्या चौकात, कॉलेजला जाताना. स्कूटरचा चुराडा झाला. चेहरा कोणाला बघू दिला नाही.

मॅडम दातांच्या डॉक्टर. होणाऱ्या डॉक्टरांना कीड ओळखायला शिकवायच्या. माझ्या तोंडात.

मार्केट यार्डात गुळाच्या गाळ्यावर हमाली केली मी. जन्मभर गालात गुळाचा खडा.

पहिल्यांदा बघून म्हणाल्या, "तात्या, अभिनंदन. एकाच तोंडात सगळे नमुने! दर मंगळवारी येत जा."

त्यांची पद्धत ठरलेली. दात साफ करायचा, वाऱ्यानं कोरडा करायचा, मग नुसतं बघायचं. कीड किती, त्याला शून्य ते सहा नंबर द्यायचा. चिठ्ठीवर लिहून पालथी ठेवायची.

"शेजाऱ्याचं बघून लिहू नका. पेशंट शेजाऱ्याकडे जाईल."

आणि टोकदार सुई दातात खुपसायची नाही. त्यावरून ओरडायच्या. "वरचा पापुद्रा तुटला की भोक तुम्ही पाडलंत. मग कसायात आणि तुमच्यात फरक फक्त एप्रनचा!"

एका मंगळवारी माझ्या दाढेला सगळ्यांनी दोन दिले, म्हणजे वरवरची कीड. वाशीमकडच्या वैभवनं चार.

"आत काळं आहे जी मॅडम. वरून नीट दिसून नाही राह्यलं, पण आहे."

"वैभ्या, तुला सगळीकडेच काळं दिसतं. चष्मा बदल!" एक पोरगा म्हणाला, बाकीची हसली.

"एक्स-रे काढू, मग हसा," म्हणत मॅडम शेजारच्या खुर्चीकडे वळल्या.

वैभवला दम निघाला नाही. खरं करून दाखवायला त्यानं सुई दाबली.

कचकन पापुद्रा फुटला. मेंदूत खिळा ठोकल्यासारखी कळ आली. मी हिसका दिला, सुईनं हिरडी फाडली. मी किंचाळलो.

बाहेर माझा मुलगा संजू बसला होता. तो धावत आत आला, स्टीलचा ट्रे उचलला आणि वैभवच्या तोंडावर हाणला. परत हाणला. ओठ फाटला, पुढचा दात तुटून फरशीवर पडला.

माझ्या तोंडात कापूस. "नको रे, नको" म्हणत होतो, नुसतं रक्त येत होतं.

मॅडम मध्ये घुसल्या. तिसरा फटका त्यांच्या भुवईवर बसला.

रक्त डोळ्यात उतरलं, तरी आवाज चढला नाही. "झालं मारून? आता बाजूला व्हा. तुमच्या वडिलांचं रक्त थांबवायचंय."

नंतर पोलीस बोलावले. संजूवर केस झाली. मला म्हणाल्या, "तात्या, तुमच्यावर राग नाही. पण माझ्या पोरांवर हात टाकलेला मी गिळणार नाही."

योग्यच केलं.

पुढच्या मंगळवारी जायची भीती वाटत होती. त्यांचाच फोन. "तात्या, दाढ काय एकटी रिक्षानं येणार आहे?"

एक्स-रे निघाला. खाली सगळं पोखरलेलं. मॅडमनी बघितला.

"चारच आहे हो. पोराचा डोळा बरोबर होता. हात चुकला."

दाढ भरून दिली. पण वैभव तोवर गावी निघून गेला होता. फोन बंद. मॅडमचा एकही मेसेज पोचेना.

"त्याला वाटत असेल, आपल्याला काही दिसतच नाही," म्हणायच्या. "तेवढ्यासाठी शिक्षण सोडेल गाढव. त्याच्या तोंडावर सांगायला हवं." सुट्टीत स्वतः वाशीमला जाणार होत्या.

त्याआधी टँकर आला.

आता मला झोप नाही. पोरानं जिवाचं बरंवाईट तर केलं नसेल ना? त्याला मॅडम गेल्याचं तरी कळलं असेल का?

मी सातवी शिकलेला माणूस, नीट लिहिता येत नाही. पण त्याच्या वर्गातली पोरं ही पोस्ट वाचतात. कोणी त्याच्या गावचं असेल तर त्याच्या घरी जा. हात जोडतो.

मॅडम, तुमच्यासारखं रागावणारं आता कोणी राहिलं नाही. या म्हाताऱ्याचा शेवटचा नमस्कार घ्या.

वैभव, चारच होता रे. मॅडमनी स्वतः सांगितलं. परत ये, शिक. संजू तुझ्यासमोर येणार नाही, हा माझा शब्द.

नुसतं "आहे" एवढं लिहून पाठव. पण लवकर पाठव.