साडूभाऊ आणि दुसरा द्रावक

जगातली कुठलीही गोष्ट बोलती करता येते, फक्त ती कशात विरघळवायची ते कळलं पाहिजे, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात एकच, आणि तो नेमका माझा साडू निघाला. डाळिंबवाल्यांच्या सहकारी संस्थेची बीडला प्रयोगशाळा होती. परदेशी जाणाऱ्या फळात फवारणीच्या औषधाचा अंश उरलाय का, हे तिथं तपासत, आणि तिथलं महागडं यंत्र साडूभाऊंच्या ताब्यात होतं. पण घरीदारीही त्यांचं तेच. एका लग्नात माझ्या शर्टावर वरण सांडलं, तर बायका पाणी घेऊन आल्या आणि हे "पाणी न्हाई, आधी तेल!" असं ओरडत आचाऱ्याकडं पळाले. हळद गेली, तेलाचा डाग अजून आहे. दुष्काळात गाव टँकरमागं धावत असताना यंत्रासाठी अतिशुद्ध पाण्याच्या बाटल्या येत. संस्थेच्या चेअरमननी एकदा मोठेपणानं ते पाणी पाहुण्यांना पाजलं. पाहुणे म्हणाले, "याला चवच न्हाई की." साडूभाऊ हरखून म्हणाले, "त्याचीच तर किंमत हाय!"

मी एकदा विचारलं, द्रावकानं, म्हणजे ज्यात विरघळवायचं त्यानं, असा काय फरक पडतो? झालं, चहा निवला. "पाहुणं, हिंग पाण्यात टाकला तर गप ऱ्हातो. गरम तेलात टाका, गल्लीला कळतं." मग सांगू लागले. फळाचा अर्क द्रावकातून सुईवाटे बारीक तुषारांनी उडवायचा. थेंब सुकत जातो, त्यातली वीज आतल्या औषधाला चिकटते. ज्याला विजेचा टिळा लागला त्यालाच यंत्र ओळखतं, बाकीचे समोरून गेले तरी ते ढुंकून बघत नाही. द्रावक बदलला की थेंब सुकायची तऱ्हा बदलते आणि टिळा कुणाला लागणार तेही बदलतं. म्हणून प्रत्येक नमुना ते नेहमीच्या द्रावकात तपासून झाल्यावर पुन्हा मेथॅनॉल या दुसऱ्या द्रावकात, मुंगीच्या डंखात असतं त्या आम्लाचा थेंब घालून, चालवायचे. कुणी सांगितलं नव्हतं. नुसती हौस!

या हौसेपायी ते एका वर्षी अडचणीत आले. आष्टीकडं आमच्या सासऱ्यांची, म्हणजे मामांची, बाग होती. विहीर आटलेली, टँकरच्या पाण्यावर झाडं धरून ठेवलेली. तोडणीआधी नमुना आला. नेहमीच्या द्रावकात यंत्राच्या आलेखाचा कागद कोरा आणि मेथॅनॉलमध्ये औषधाची भलीमोठी टेकडी. फळ आणखी पंधरवडाभर झाडावर ठेवलं तर औषध उतरलं असतं, पण तेवढं पाणी आणायचं कुठून?

मामा स्वतः प्रयोगशाळेत आले. मी तिथंच होतो. म्हणाले, "पहिल्या बाटलीत न्हाई ना दिसलं? मंग तेवढंच लिवा, जावईबापू."

"मामा, समद्यांचा माल एकाच गाडीत जायचाय. तुमचा सापडला तर समद्यांचा परत येईल. आन् मला दिसलंय हो. आता न्हाई कसं म्हनू?"

मला त्यांचा राग आला आणि अभिमानही वाटला, दोन्ही एकदमच. मामा उठून गेले आणि फळ झाडावरच थांबलं. पंधरवडा निघाला, पण पाणी पुरलं नाही. बरीच फळं गळाली, पुष्कळ झाडं वाळली. संस्थेचा बाकीचा माल गेला, तो परत आला नाही. मामांनी मात्र साडूभाऊंशी बोलणं सोडलं. दिवाळीला ते आले तेव्हा मामा शेतात निघून गेले. साडूभाऊंची बडबडही त्या वर्षात आटली. माझ्या घरी भाजीत हिंग कधी टाकला, हेसुद्धा विचारीनात.

पुढच्या हंगामात मी प्रयोगशाळेत बसलो असताना मामा दारात उभे राहिले. एसटीनं आले होते. पिशवीतली डाळिंबं त्यांनी टेबलावर ठेवली.

"उरल्याल्या झाडांची हायेत. दोन्ही बाटल्यांत बघा."

साडूभाऊ पाया पडले. डाळिंबं उचलून घेत म्हणाले, "बसा मामा. येळ लागंल."

"लागू द्या," मामा बाकावर टेकत म्हणाले. "घरी पाणी द्यायला आता झाडं तरी कितीशी ऱ्हायलीत."