पाच टनांचा आकडा

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, वसईला आईला नाही. इथल्या चर्चमध्ये पापनिवेदनाला किती वेळा बसले — चिडचिड, आळस, सासूबद्दल बोललेलं वाईटसाईट, सगळं फादरना सांगितलं — आणि हे जिभेवर आलं की उठून बाहेर आले. मग तुम्हालाच का सांगते? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. मला ठाऊक नाही.

मी मस्कतमध्ये गाड्या भाड्याने देणाऱ्या एका कंपनीत आहे. राहायला माबेलाला. नऊ वर्षांपूर्वी मला साध्या काउंटरवरून उचलून मोठ्या पिकअपच्या टेबलावर बसवलं. मोठ्या म्हणजे त्या अमेरिकन बनावटीच्या, बोनेट माझ्या खांद्याला लागेल एवढ्या. त्या टेबलावर तोवर पुरुषच बसायचे. पहिल्याच दिवशी शेजारचा म्हणाला, "मॅडम, कस्टमरने कलर पूछा तो बता देंगी ना?" सगळे हसले. मीही हसले. आणि त्या आठवड्यात माहितीपत्रकं अक्षरशः पाठ केली. इंजिन, टाकी, हौद्याची लांबी, आणि ओढण्याची क्षमता. आमच्याकडच्या पांढऱ्या चार दारांच्या पिकअपच्या पानावर ठळक छापलं होतं — पाच टन. पुढच्या मीटिंगमध्ये कागद न बघता मी तो आकडा सांगितला आणि शेजारचा गप्प बसला. काय सांगू, किती गोड वाटलं होतं!

एवढ्याशा गोडीसाठी माणूस काय काय करू शकतो, हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता.

ऑफिसच्या मागे यार्ड होतं. तिथले मेकॅनिक दत्तारामभाऊ, देवगडकडचे, ओमानमध्ये अठरा वर्षं काढलेले. माझ्याशी मालवणीत बोलायचे, कारण ऑफिसात मराठी समजणारी मी एकटीच. गणपतीला त्यांच्याकडून मोदक यायचे, नाताळात मी कुलकुलांचा डबा पाठवायचे. माणूस कमी बोलणारा. गाडीखालून बाहेर आले की हात पुसल्याशिवाय कुणाशी बोलायचे नाहीत.

एका सकाळी सलीमचाचा आले. खाबुऱ्याचे मच्छीमार, साठीचे. त्यांनी सूरला एक फायबरची बोट विकत घेतली होती, ती ट्रेलरवर घालून घरी न्यायची होती. बोट, दोन इंजिनं, ट्रेलर मिळून साडेतीन टन. इथले जुने लोक हिंदी छान बोलतात. त्यांनी विचारलं, "सिस्टर, ये गाडी मेरा बोट लाएगा?"

मी म्हणाले, "पाँच टन खींचता है, चाचा."

"इन्शाल्ला," ते म्हणाले.

"इन्शाल्ला नहीं, पक्का."

असं म्हणाले मी. पक्का.

गाडी यार्डात गेली, ट्रेलरचा हुक बसवायला. थोड्या वेळाने इंटरकॉम वाजला. दत्तारामभाऊ. ते दाराच्या चौकटीवरचं स्टिकर वाचून बोलत होते. मागच्या ॲक्सलच्या गिअरचा कोड, ज्यावर गाडीची ओढ ठरते, त्यांनी मला दोनदा वाचून दाखवला. म्हणाले, "मॅडम, ह्या गाडयेक ह्यो भार झेपाचो नाय. ओढूक ओढतली ती. पण उतारार थांबतली काय?" सलीमचाचांबरोबर तीन माणसं जाणार होती, हौद्यात जाळी, बर्फाच्या पेट्या, पेट्रोलचे कॅन — तेही सगळं गाडीच्याच अंगावर, असं ते म्हणाले. आणि ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नाहीत.

तुम्हाला वाटेल मला समजलं नाही. नाही हो — समजलं. निदान एवढं तरी समजलं की हा माणूस उगाच बोलत नाही. पण सलीमचाचा समोर बसले होते. शेजारचा कान देऊन ऐकत होता. आता उठून कसं सांगायचं, की मी म्हणाले ते चूक?

"दत्ताराम, मी पुस्तक वाचलंय," मी म्हणाले. नेहमीचं 'भाऊ' गिळलं. "पाच टन लिहिलंय. तुम्ही हुक बसवा."

पलीकडून एवढंच आलं, "बरा तर."

तिसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. सूरहून मस्कतकडे येताना, कुरियातच्या पुढे डोंगरातला जो लांब उतार आहे, तिथे बोटीने गाडीला मागून ढकलत नेलं होतं. ब्रेक तापून निकामी. ट्रेलर आधी डावी-उजवीकडे डुलला, मग आडवा झाला, आणि गाडीला घेऊन उलटला. सलीमचाचा आणि बाकीचे दोघे खरचटण्यावर वाचले. चाचांचा धाकटा भाऊ हमद मागच्या सीटवर होता. त्याचा उजवा पाय गुडघ्यापासून कापावा लागला.

मी फोन खाली ठेवला. एक विचित्र गोष्ट सांगते — मला रडू आलं नाही, घाबरलेही नाही. कानात नुसता दडा बसला. समोरच्या माणसाचे ओठ हलताना दिसत होते आणि मला एक शब्द ऐकू येत नव्हता.

गाडी ओढून यार्डात आणली तेव्हा मी मागे गेले. ड्रायव्हरचं दार अर्धवट उघडं होतं. चौकटीवर स्टिकर होतं, आणि त्यावर तो कोड — फोनवर ऐकलेला, तसाच्या तसा. समोरच्या खणातून गाडीचं पुस्तक काढलं. त्यातल्या तक्त्यात आमच्या इंजिनासमोर, त्या कोडासमोर लिहिलं होतं: तीन टनांच्याही खाली. मग टेबलावर येऊन ते ठळक पाच टनांचं पान पुन्हा काढलं. आकड्याच्या डोक्यावर बारीकशी चांदणी होती, आणि पानाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत तिचा अर्थ. तो आकडा खरा होता — पण दोन दारांच्या, मोठ्या इंजिनाच्या, खास गिअर बसवलेल्या गाडीचा, आत एकटा ड्रायव्हर असताना. ही चांदणी मी आधी पाहिली होती का? हो. पाहिली होती. पाठ करताना ओलांडून पुढे गेले होते.

इथपर्यंत चूक होती. चूक कुणाचीही होते. मला सांगायचंय ते याच्यापुढचं आहे.

चौकशीला मॅनेजरच्या खोलीत आम्हाला दोघांनाही बोलावलं. मालकही होते, आमचे अर्बाब. हात पुसण्याचा कपडा दत्तारामभाऊंच्या मुठीत तसाच. मॅनेजरने विचारलं, गाडी जाण्याआधी यार्डातून कुणी हरकत घेतली होती का? दत्तारामभाऊ लगेच म्हणाले, "हां साब. मैंने मॅडम को फोन किया था." आणि माझ्याकडे पाहिलं. अगदी निर्धास्त. मी 'हो' म्हणेन यात त्यांना शंकाच नव्हती.

मी म्हणाले, "नहीं सर. मुझे किसी ने कुछ नहीं बताया."

कुणी मला हे बोलायला शिकवलं नव्हतं. मी ठरवून आले नव्हते. आवाज कापलासुद्धा नाही! माझ्याच तोंडून ते वाक्य इतकं सरळ, इतकं नीटनेटकं बाहेर पडलेलं ऐकून मीच थक्क झाले. आजही होते. ही कोण बाई होती? इतकी वर्षं माझ्या आत राहत होती?

दत्तारामभाऊ रागावले असते तर बरं झालं असतं. ते रागावले नाहीत. भरल्या बाजारात कुणी अचानक आपलं नाव विसरावं, तसे माझ्याकडे बघत राहिले. "मॅडम... कोड वाचून दाखवलो ना तुमका?" मालवणीत, फक्त माझ्यासाठी. मी टेबलाकडे पाहिलं. मॅनेजरने शेजारच्यालाही बोलावून विचारलं, तो म्हणाला, मॅडम यांच्याशी रोजच मराठीत काहीतरी बोलतात, मला काय कळणार. इंटरकॉमची नोंद कुठे राहते? हुक बसवल्याच्या कागदावर सही दत्तारामभाऊंची होती. अर्बाब एवढंच म्हणाले, "खलास."

दोन आठवड्यांत त्यांचा व्हिसा रद्द झाला. विमानतळावर मी गेले नाही.

पुढे मी वर चढले. आता नव्या पोरांना मीच शिकवते. क्षमता म्हणजे एक आकडा नव्हे, म्हणते. गाडीत बसलेलं प्रत्येक माणूस, हौद्यातली प्रत्येक पेटी त्यातून वजा करा. कोड बघा, तक्ता बघा, ट्रेलरचे ब्रेक बघा. गाडी ओढेल का विचारू नका, उतारावर थांबेल का विचारा. पोरं लिहून घेतात. एकाने विचारलं, मॅडम, इतकं छान तुम्हाला कुणी शिकवलं? मी म्हणाले, अनुभवाने.

गेल्या वर्षी देवगडहून फोन आला. सात वर्षांनी दत्तारामभाऊ. आवाज म्हातारा झालेला. त्यांची मुलगी नर्स झाली होती, मस्कतला नोकरी लागली होती. परक्या देशात पोरगी एकटी — पहिले काही दिवस मॅडम बघतील का? माझ्याकडे मागत होते ते हे. माझ्याकडे! मी हो हो म्हणत राहिले.

मग म्हणाले, "मॅडम, एक मनात हा. त्या वेळार मी तुमचा नाव घेतलंय सायबाच्या म्होरल्यान. मागीर लय विचार केलंय. तुम्ही खोटा कशाक बोलशात? माझ्याच मनात इला असतला आणि फोन करूचा रवान गेला असतला. माणसाक वाटता आपण केला म्हणान. वायट वाटून घेव नकात."

माझ्या एका वाक्याने त्यांची नोकरी गेली, हे मला माहीत होतं. सात वर्षं रात्रंदिवस घासून घासून त्यानेच त्यांची आठवणही पुसून टाकली होती, हे मला माहीत नव्हतं. एका सरळ माणसाने स्वतःवरचा विश्वास सोडला, पण माझ्यावरचा सोडला नाही.

तेव्हा तरी बोलायचं होतं. लाइन चालू होती. घरात कुणी नव्हतं.

"जाऊ द्या, दत्तारामभाऊ," मी म्हणाले. "माझ्या मनात काही नाही."

म्हणजे मी त्यांना माफ केलं.

त्यांनी पलीकडे मोठा श्वास सोडलेला मला ऐकू आला. मुलगी पुढच्या महिन्यात आली. आता जवळच राहते, शुक्रवारी आमच्याकडे जेवते, मला मावशी म्हणते. तिलाही मी सांगितलेलं नाही.